जडलेला स्नेह आणि जोडलेला स्नेह

मराठीतील आत्मचरित्रे व आठवणींची पुस्तके सलग वाचीत गेले म्हणजे एक गोष्ट नजरेत भरल्यावाचून राहत नाही. या पुस्तकांच्या पहिल्या भागात मित्रांची दाटी असते. शाळेतील सोबती, खानावळीतील पंगत, एका खोलीत जागून काढलेली परीक्षेची रात्र, पहिले हस्तलिखित मासिक, या सर्वांचे वर्णन लेखक मन लावून करतो. पुढे नोकरी लागते, लग्न होते, बदल्या होतात आणि पुस्तकातून मित्र नाहीसे होतात. त्यांची जागा वरिष्ठ, सहकारी, विरोधक आणि व्याही घेतात. शेवटच्या प्रकरणांत मित्र पुन्हा येतात ते बहुधा मृत्यूच्या वार्तेच्या रूपाने. तिशीनंतर माणसाला मित्र मिळत नाहीत आणि मिळालेच तर ते लिहिण्याजोगे नसतात, असा आपल्या वाङ्मयाचा समज असावा असे वाटू लागते. हा समज कितपत खरा आहे, आणि तो खरा नसल्यास त्याचा पुरावा कोठे शोधावा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

आमच्या भाषेने या बाबतीत वाङ्मयापेक्षा अधिक बारकाई दाखविली आहे. स्नेह ‘जडतो’ असे आपण म्हणतो, आणि स्नेह ‘जोडावा’ असेही म्हणतो. जडणे हे क्रियापद अकर्मक आहे. तेथे माणसाच्या इच्छेला फारसे काम नसते. एका बाकावर बसविले, एका आळीत वाढलो, म्हणून स्नेह जडला. जोडणे हे सकर्मक आहे. ते कोणीतरी करावे लागते, त्यासाठी वेळ व श्रम खर्चावे लागतात, आणि जोडलेले पुन्हा सुटू नये म्हणून ते राखावेही लागते. पूर्ववयातील मैत्री बहुतांशी जडलेली असते, तर उत्तरवयातील मैत्री जोडावीच लागते. आपल्या आठवणी-वाङ्मयाने जडलेल्या स्नेहाचेच तेवढे कौतुक केले आणि जोडलेल्या स्नेहाची नोंद घेतली नाही, असे आमचे म्हणणे आहे.

वस्तुतः जुन्या परंपरेला ही दुसरी मैत्री अपरिचित नव्हती. भर्तृहरीच्या नीतिशतकात मैत्रीला सावलीची उपमा दिलेली आहे, आणि वामन पंडिताने ते शतक मराठीत आणल्यामुळे जुन्या पिढीतील मराठी विद्यार्थ्यांना ती चांगली परिचित होती. दुर्जनाची मैत्री सकाळच्या सावलीसारखी, आरंभी लांब व पुढे आखूड होत जाणारी. सज्जनाची मैत्री दुपारनंतरच्या सावलीसारखी, आरंभी लहान व पुढे वाढत जाणारी. या उपमेचा नैतिक अर्थ सर्वांनी शिकविला. तथापि तिच्यात वयाचाही एक अर्थ दडलेला आहे, तो सहसा कोणी काढून दाखविला नाही. दुपारनंतरची सावली वाढते ती दिवस उतरू लागल्यावर. मैत्रीची खरी वाढ माणसाच्या उतरत्या दिवसात होऊ शकते, हे त्या उपमेतच आहे.

जडलेल्या स्नेहाचे आपल्याकडील उत्तम उदाहरण म्हणजे पुण्यात १९२३ साली स्थापन झालेले रविकिरण मंडळ. माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश, वि. द. घाटे, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, दिवाकर अशी ती मंडळी. एकत्र जमावे, कविता वाचाव्यात, त्यांवर बोलावे आणि मिळून पुस्तके काढावीत, असा त्यांचा क्रम होता. मराठी कवितेला त्यातून काय मिळाले हे येथे सांगण्याचे कारण नाही. परंतु हा स्नेह बैठकीवर उभा होता आणि पुढे एकेकाच्या वाटा निराळ्या झाल्या. माधव ज्यूलियन जन्माने बडोद्याचे. ते १९३९ च्या नोव्हेंबरात वारले आणि त्यानंतरच्याच वर्षी यशवंत बडोदे संस्थानचे राजकवी झाले. ज्या गावात मित्राचा जन्म झाला त्या गावी दुसरा मित्र मानाने आला, तेव्हा पहिला हयात नव्हता. घाट्यांच्या १९६१ सालच्या आत्मचरित्राचे नाव ‘दिवस असे होते’ असे आहे. ते भूतकाळी क्रियापद आम्हांला अर्थपूर्ण वाटते. जडलेला स्नेह सरतेशेवटी भूतकाळात राहावयास जातो आणि तेथे तो सुंदर दिसतो.

जोडलेल्या स्नेहाचे उदाहरण शोधण्यासाठी बडोदेकरांना गाव सोडून जावे लागत नाही. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई (१८६५–१९५९) हे १८८९ मध्ये सयाजीराव महाराजांच्या नोकरीत आले आणि १९२५ मध्ये निवृत्त होईपर्यंत बडोद्याचेच होते. महाराजांना वाचून दाखविणे, राजपुत्रांना शिकविणे, मॅकियाव्हेलीसारखे ग्रंथ मराठीत आणणे अशी कामे करता करता त्यांच्या हातून ‘मुसलमानी रियासत’ १८९८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढे मराठी रियासतीचे खंड निघू लागले. महाराज त्यांच्याहून दोनच वर्षांनी वडील. उभयतांचा संबंध छत्तीस वर्षांचा, आणि त्यावर सरदेसायांनी स्वतंत्रपणे लिहिलेही आहे. परंतु तो सहवास होता. धनी आणि सेवक यांच्यात आदर, ऋणानुबंध, क्वचित रुसवाही असू शकतो; तरी ज्याला आपण मैत्री म्हणतो ती तेथे होणे कठीण. नित्य सहवास म्हणजे मैत्री नव्हे, ही गोष्ट शाळा-कचेऱ्यांत जन्म घालविणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

सरदेसायांना आयुष्यभराचा मित्र मिळाला तो त्यांच्या गावचा नव्हता, भाषेचा नव्हता, प्रांताचाही नव्हता. जदुनाथ सरकार (१८७०–१९५८) हे त्या वेळी पाटण्यास प्राध्यापक होते आणि औरंगजेबाचा इतिहास लिहिण्याच्या उद्योगात होते. औरंगजेबाची अखेरची पंचवीस वर्षे दक्षिणेत गेली. मराठी कागदांवाचून तो इतिहास पुरा होणे शक्य नव्हते. इकडे सरदेसायांची भिस्त मराठी साधनांवर. फारसी अखबार आणि पत्रे यांच्यापर्यंत त्यांचा हात पोहोचत नव्हता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला. त्या वेळी सरदेसाई चाळिशीच्या आसपास होते आणि जदुनाथ पस्तिशीच्या. आपल्या आत्मचरित्रांत मित्रांची आवक बंद होते ती याच वयात. हा पत्रव्यवहार जवळजवळ अर्धशतक चालला.

या पत्रांतील जदुनाथांची पत्रे हरिराम गुप्त यांनी संपादिलेल्या स्मारकग्रंथाच्या द्वारे १९५७-५८ च्या सुमारास वाचकांपुढे आली. अलीकडे दीपेश चक्रवर्ती यांनी ‘द कॉलिंग ऑफ हिस्टरी’ हा आपला इंग्रजी ग्रंथ (२०१५) प्रामुख्याने या दोघांच्या पत्रव्यवहाराच्या आधाराने लिहिला आणि जगातील इतिहासकारांचे लक्ष तिकडे वेधले. मराठी समीक्षेने मात्र या पत्रांना वाङ्मय म्हणून फारसे जवळ केलेले नाही. याची कारणे उघड आहेत. ती इंग्रजीत आहेत. त्यांत कल्पनाविलास नाही. त्यांतील विषय म्हणजे एखाद्या कागदाची तारीख, एखाद्या नावाचे वाचन, मुद्रिते, नकाशे, प्रवासाचे बेत आणि प्रकृतीची विचारपूस. ललित पत्र म्हणून आपण ज्याची वाखाणणी करतो त्याचे येथे काही सापडत नाही. परंतु मैत्री म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी आम्हांला हाच पत्रव्यवहार सर्वांत उपयोगी वाटतो, आणि त्याचे कारण त्याच्या त्या कोरडेपणातच आहे.

या पत्रव्यवहाराचा प्राण प्रश्न हा आहे. अमुक मोहिमेची मिती कोणती, अमुक सरदार त्या दिवशी कोठे होता, अमुक शब्दाचा अर्थ काय, असे प्रश्न एकाने विचारावयाचे आणि दुसऱ्याने कागद चाळून उत्तर धाडावयाचे. प्रश्न विचारणारा आपल्याला ही गोष्ट ठाऊक नाही असे कबूल करीत असतो. आणि ज्याला विचारावयाचे त्याच्या ज्ञानावर व सचोटीवर विश्वास टाकीत असतो. पूर्ववयात हा विश्वास आपोआप असतो, कारण त्या वयात कोणालाच काही ठाऊक नसते. चाळिशीनंतर माणसाला मान मिळतो, पद मिळते, आणि ‘मला हे माहीत नाही, आपण सांगाल काय?’ हे वाक्य त्याच्या तोंडून निघेनासे होते. उत्तरवयात मैत्री जोडली जात नाही याचे खरे कारण वेळेचा अभाव हे नसून या वाक्याचा अभाव हे आहे, असे आमचे मत झाले आहे.

दुसरी गोष्ट मतभेदाची. मराठ्यांच्या इतिहासाकडे पाहण्याची दोघांची दृष्टी एक नव्हती. सरदेसायांनी १९२६ मध्ये पाटणा विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत मराठ्यांच्या उद्योगामागे महाराष्ट्रधर्माची प्रेरणा मानली. जदुनाथ या बाबतीत अधिक साशंक होते आणि मराठ्यांच्या राज्यकारभारावर त्यांनी कठोर शब्दांत लिहिले. त्यांच्या लेखनाने महाराष्ट्रातील अनेक विद्वान दुखावले. पुढे १९२९ च्या सुमारास पेशवे दप्तर अभ्यासासाठी खुले करून त्यातील निवडक कागद छापण्याचे काम मुंबई सरकारने सरदेसायांवर सोपविले. त्यामागे जदुनाथांचा आग्रह होता आणि पुण्याच्या संशोधकांत त्याबद्दल पुष्कळ नाराजी झाली. त्या निवडीचे ४५ खंड सरदेसायांनी अवघ्या काही वर्षांत, १९३४ पर्यंत, पुरे केले. आपल्याच भाषेच्या विद्वानांत एकटे पडण्याची पाळी आली असताही त्यांनी परप्रांतीय मित्राची संगत सोडली नाही. आणि त्या मित्राचे मत पटत नसताना स्वतःचे मतही सोडले नाही. मित्राशी एकमत असणे म्हणजे मैत्री, अशी आपली भोळी समजूत असते. एकमताची गरज पक्षाला असते. मैत्रीला पुरते ते इतकेच की दुसऱ्याने आपल्याशी खोटे बोलू नये.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो लहान नाही. ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथात मैत्रीचे तीन प्रकार केले : उपयुक्ततेची, आनंदाची आणि सद्गुणाची. आनंदाची मैत्री तरुणांत अधिक आणि उपयुक्ततेची वृद्धांत अधिक, असे त्याचे निरीक्षण आहे. आणि उपयोग संपला की उपयुक्ततेची मैत्रीही संपते, असा त्याचा निष्कर्ष आहे. मग एकाला मराठी कागद हवेत, दुसऱ्याला फारसी हवेत, हा व्यवहार त्या हलक्या प्रकारात का मोडू नये?

आमचे उत्तर असे की या मैत्रीचा आरंभ उपयोगात झाला हे निर्विवाद आहे, परंतु ती उपयोगाबरोबर संपली नाही. पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराची ग्रंथमाला दोघांनी मिळून १९३६ पासून प्रसिद्ध केली. सरदेसायांचा तीन खंडांचा इंग्रजी इतिहास १९४८ पर्यंत पुरा झाला. जदुनाथांच्या मोगल साम्राज्याच्या ऱ्हासाच्या इतिहासाचा चौथा व शेवटचा खंड १९५० मध्ये निघाला. दोघांची मोठी कामे संपली. तोपर्यंत एक पंच्याऐंशीचा झाला होता, दुसरा ऐंशीचा. एकमेकांकडून मिळवावयाचे असे काही उरले नव्हते, आणि तरीही पत्रे थांबली नाहीत. दरम्यान दोघांच्या घरी मृत्यू येऊन गेला होता. सरदेसायांना पुत्रवियोग सोसावा लागला. शांतिनिकेतनात शिकलेल्या श्यामकांत या आपल्या मुलाची पत्रे त्या पित्याने पुढे स्वतः पुस्तकरूपाने छापली. जदुनाथांचा थोरला मुलगा फाळणीच्या काळातील कलकत्त्याच्या दंगलीत मारला गेला. अशा वेळी सांत्वनाची भाषा थिटी पडते हे सर्वांचा अनुभव सांगतो. ज्यांच्यामध्ये कामाचा धागा आहे त्यांना निदान त्या धाग्याला धरून पुन्हा बोलावयास आरंभ करता येतो. उपयोग हा या मैत्रीचा पाया नव्हता. तो तिचा उंबरठा होता.

आणखी एक गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. या दोघांनी आपली मैत्री दोघांपुरती ठेवली नाही. माळव्यातील सीतामऊचे महाराजकुमार रघुवीरसिंह (१९०८–१९९१) हे वयाने जदुनाथांहून अडतीस आणि सरदेसायांहून त्रेचाळीस वर्षांनी लहान. ते जदुनाथांचे शिष्य म्हणून या वर्तुळात आले आणि पाहता पाहता दोघांचे स्नेही झाले. श्री. रा. टिकेकर हेही वयाने कितीतरी लहान. १९३८ चा सरदेसाई स्मारकग्रंथ त्यांनी संपादिला. समवयस्क मित्र एकेक करून गळू लागतात, हे वार्धक्याचे अटळ दुःख आहे. त्यावर उपाय एकच : आपल्याहून लहान असलेल्यांना आपल्या प्रश्नांत सहभागी करून घेणे. सल्ला देऊन लहान माणसे जवळ येत नाहीत. काम वाटून दिले म्हणजे येतात.

या उदाहरणाशेजारी आम्ही मराठीतील दुसरा एक पत्रव्यवहार ठेवू इच्छितो, कारण त्यावाचून आमचे विधान एकांगी राहील. जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) हे धारवाडला इंग्रजीचे अध्यापन करणारे आणि माणसांची गर्दी टाळणारे लेखक. सुनीताबाई देशपांडे (१९२६–२००९) यांचे घर माणसांनी सदैव भरलेले. दोघेही पन्नाशीच्या जवळपास असताना त्यांच्यात पत्रांतून स्नेह जुळला. जी. एंच्या निवडक पत्रांचा पहिला खंड १९९५ मध्ये निघाला, तो सुनीताबाईंना लिहिलेल्या पत्रांचा. आणि सुनीताबाईंची पत्रे ‘प्रिय जी. ए.’ या नावाने २००३ मध्ये आली. त्यामुळे एकाच मैत्रीच्या दोन्ही बाजू मराठी वाचकाला मिळाल्या, असा योग विरळा. येथे सामाईक काम असे काही नाही. तरी वाचलेली पुस्तके, पाहिलेली चित्रे, मनात रुतून बसलेल्या कविता यांविषयी एकाने दुसऱ्याला विचारावे, दुसऱ्याने आपली आवड-नावड न लपविता सांगावी, हा क्रम तोच आहे.

गद्य म्हणून या दुसऱ्या पत्रव्यवहाराची योग्यता फार मोठी आहे, यात शंका नाही. तथापि जी. एंच्या पत्रांत शब्दकळेचे भान क्वचित इतके प्रबळ होते की पत्र मित्राला लिहिले आहे की वाचकाला, असा प्रश्न पडतो. सरदेसाई-जदुनाथांच्या पत्रांत हा प्रश्न कधीच उद्भवत नाही. म्हणून पहिला पत्रव्यवहार वाङ्मय म्हणून उणा आणि मैत्रीचा दस्तऐवज म्हणून अधिक; दुसरा वाङ्मय म्हणून अधिक आणि मैत्रीचा दस्तऐवज म्हणून थोडा अधिक सावधपणे वाचावयाचा, असा आमचा निर्णय आहे. दोन्ही मिळून मात्र एक गोष्ट सिद्ध करतात. आठवणी मित्र गेल्यानंतर लिहिल्या जातात. पत्र तो असताना लिहिले जाते. आठवणीला उत्तर येत नाही. उत्तरवयातील मैत्रीचा शोध घ्यावयाचा असेल तर आपल्या समीक्षेने आत्मचरित्राकडून पत्रसंग्रहाकडे वळले पाहिजे.

हा विषय आम्ही या पानांवर मांडला त्याला एक जवळचे कारण आहे. वाचकांपैकी बहुतेक जण शिक्षक आहेत. काही निवृत्त झाले, काही होण्याच्या मार्गावर आहेत, आणि आम्हीही त्यांत आहोत. शाळेत तीस-पस्तीस वर्षे शेजारी बसलेले सहकारी निवृत्तीनंतर वर्षभरात रस्त्यात भेटले तर भेटतात, असे आपण पाहतो. यात कोणाचा दोष नाही. तो सहवास होता, तो वेळापत्रकाबरोबर संपला. बडोद्यातील मराठी घरांत तर मुले पुण्या-मुंबईस किंवा परदेशी, आणि मागे उरलेली दोन वृद्ध माणसे, हे दृश्य आता नवे राहिलेले नाही. आणि शिक्षकाची अडचण इतरांहून अधिक आहे. त्याने आयुष्यभर प्रश्न विचारले, परंतु ते ज्यांची उत्तरे त्याला आधीच ठाऊक होती असे. मित्राला विचारावयाचा प्रश्न निराळा. त्याचे उत्तर आपल्याजवळ नसते. ही सवय साठाव्या वर्षी नव्याने लावून घ्यावी लागते.

आज पत्रे कोण लिहितो, असे म्हणून हा विचार बाजूला सारता येणार नाही. साधन बदलले, एवढेच. सकाळी उठून शंभर जणांना एकच शुभेच्छा भ्रमणध्वनीवरून धाडणे हे पत्र नव्हे, कारण त्यात विचारलेले काहीच नसते आणि म्हणून उत्तराची वाटही नसते. त्याच यंत्रावरून एका माणसाला एक खरा प्रश्न गेला तर ते पत्रच होय. शाळेत आपण पत्रलेखन शिकवितो ते पत्ता, मायना आणि गुणांची विभागणी यांपुरते. त्यात ‘ज्याचे उत्तर तुला हवे आहे असा एक प्रश्न पत्रात असावा’ एवढी एक अट घातली, तरी मुलांच्या हाती एक आयुष्यभर पुरणारी वस्तू पडेल.

साहित्यसंस्थेकडे आमची एक विनंती आहे. सरदेसायांची उमेदीची छत्तीस वर्षे या नगरीत गेली. त्यांच्या व जदुनाथांच्या पत्रांतील निवडक पन्नास पत्रे मराठीत आणून त्यांचे वाचन बडोद्यात व्हावे. अनुवादाचे काम निवृत्त इंग्रजी-शिक्षकांनी करावे, आणि इतिहासाच्या शंका तरुण अभ्यासकांना विचाराव्यात. वर्षभराने पुस्तक तयार होईल की नाही हे सांगता येत नाही. पण पन्नास पत्रांच्या निमित्ताने काही वयस्क माणसे एकमेकांना प्रश्न विचारू लागतील, आणि त्यांतून दोघे-तिघे तरी एकमेकांना जोडले जातील, असा आमचा विश्वास आहे.